पितरपाटातला आठवडा

एका खोलीचे एक्कावन्न मालक.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं.
आमच्या जळकोटात एका बांधाला दोनच मालक
तरी तारखा तुळजापुरात पडतात.
इथं भांडण नाही,
कारण इथं जागा नाही विकत, वार विकतात.

दुपारी दोनला एक मालक निघतो, चारला दुसरा येतो.
मधल्या दोन तासांत
चादरी, उशा, टॉवेलाचा हंस,
आरशावरची कुणाचीतरी टिकली.
सापडलेलं मी वहीत लिहून ठेवते.
चौदा नंबर: कवळी, वरची.
नऊ नंबर: पाढ्यांची वही, सत्तावीसपर्यंत.
एकवीस नंबर: पंचविसाव्या वाढदिवसाचा फुगा,
अजून हवा असलेला.

बावन्नावा आठवडा कुणाचाच नव्हता.
तो दुरुस्तीचा, पितरपाटात ठेवलेला.
त्या दिवसांत फिरायला कोण येतंय?
बाकीचे सगळे कॅलेंडरात खिळे मारल्यासारखे,
हा एकटा तिथी बघून पुढं-मागं सरकायचा
आणि मुंबईच्या ऑफिसातून दरवर्षी फोन यायचा,
नक्की कधी, नक्की कधी.

त्या आठवड्यात गाद्या उन्हात.
मुनाफ लाटांच्या तळ्यात उतरून निळा रंग द्यायचा,
दिवाळीपर्यंत त्याची ढोपरं निळी.
व्यंकट मोठ्या पाळण्याला ग्रीस लावायचा.
चाचणीला वजन लागतं,
वाळूची पोती कमी पडली की
"बसा गं बायांनो."

एकेका डब्यात दोघी, हातातला झाडू हातात तसाच.
वर गेलं की नळदुर्गचा किल्ला तळहाताएवढा,
हैदराबादकडं रांगणारे ट्रक,
आमच्या गावची पाण्याची टाकी.
टाकीखाली माझं घर. दिसत नाही,
मी बोट दाखवते तरी,
आणि सोजर म्हणते, हां हां, दिसलं.
खालून व्यंकट, "आरडा की!
गिऱ्हाईक आरडतंय तसं आरडा,
न्हाईतर चाचणी कसली?"
आधी लाजत आरडतो.
दुसऱ्या फेरीला खरोखर.

परवा हॉलमध्ये पडदा लावला.
कुलथे साहेब लाल ठिपका फिरवत होते.
दुसरा टप्पा, माळावर तीनशे खोल्या,
बर्फाचं घर, काचेचा पूल.
तिसऱ्या टप्प्याचा डोंगर अजून ठरायचाय.
माळ ओळखू येईना,
त्यावर ताडाची झाडं आणि उघड्या पाठीची
गोरी गोरी माणसं ठेवलेली.
मग ठिपका एका रिकाम्या चौकोनावर थांबला.
एक आठवडा वाया चाललाय, म्हणाले.
दुरुस्ती यापुढं रात्रीची.
पाळण्याच्या वजनाला रबरी पुतळे मागवलेत,
सत्तर-सत्तर किलोचे.
पितरपाट न मानणारी पुष्कळ माणसं आहेत देशात,
त्यांना सवलतीत देऊ.

काही शंका?
मी हात वर केला.
"केवढ्याला, साहेब?"
"पावणेचार लाख. नव्याण्णव वर्षं."
हॉल हसला. मी पण थोडी.
बोटं मात्र चालूच होती, पगाराचा हिशोब नव्हता तो:
माणूस पन्नाशीत घेणार,
फार तर पंचवीस सुट्ट्या जित्तेपणी.
उरलेल्या चौऱ्याहत्तर वेळा
तो पितर होऊनच येणार की, साहेब?
मग हाच आठवडा त्याला सोयीचा.
चादरी सुद्धा बदलाव्या लागायच्या नाहीत.

साहेबांनी लिहून घेतलं.
खरंच घेतलं, पेनाचं टोपण काढून.

यंदाचा शेवटचा म्हणून व्यंकटनं
सर्वपित्रीला दोन फेऱ्या जास्त दिल्या.
वरच्या टोकाला पाळणा थांबवला, उगीच,
ग्रीस बघतोय म्हणाला.
बॅल्कनीच्या कठड्यावर एक कावळा
खालून आमच्याकडं बघत होता,
आम्ही काही ठेवतो का म्हणून.

उतरल्यावर ध्यानात आलं,
सातव्या डब्यात झाडू राहिला.
असू दे.
कुणीतरी लिहून ठेवील.