सात नंबरचा बिल्ला

तार्तूच्या नाट्यगृहात आई कोट सांभाळायची.
कोट घ्यायचा, बर्फ झटकायचा,
खुंटीला लावून पितळी बिल्ला द्यायचा.
एकदा एका गृहस्थानं चुकून
ताल्लिनच्या थिएटरचा बिल्ला पुढे केला. सात.
आईनं सातव्या खुंटीवरचा
कुणा बाईचा फरकोट त्याला दाखवला.
"सात आहे खरा. पण कुठला सात?"

हे आठवलं परवा, रात्री दोनला.
खाली एमायोगी, म्हणजे आईनदी, गोठलेली.
लायब्ररीतला तो जुना दोष:
एका प्रोसेसनं दुसरीला सॉकेट द्यायचं म्हणून
नुसता आकडा दिला.
तिनं आपल्याकडचा सात उघडला
आणि कुण्या ग्राहकाचं उत्तर
भलत्याच लॉग फाइलीत जाऊन पडलं.

आकडा देऊ नये. वस्तू द्यावी,
कर्नेलच्या हातून.
तो पलीकडे नवा बिल्ला देईल,
चार म्हणा, एकोणीस म्हणा. कोट तोच.
विंडोजवर तर आधीच सांगावं लागतं
कुणासाठी: नाव नको, प्रोसेसचा क्रमांक.
मग ती पुडी त्यानंच सोडायची, एकदाच.

लिहिलं सगळं. चाचण्या हिरव्या झाल्या.
मारेटनं वाचून एवढंच विचारलं,
"आणि तुझ्याकडची प्रत?"

ती राहिलीच होती.
प्रत म्हणजे दुसरं सॉकेट नव्हे;
दोर एकच, धरणारे हात दोन.
एकानं वाचलेलं अक्षर दुसऱ्याला मिळत नाही,
आणि एकानं हात सोडला
तरी समोरच्याला कळत नाही संपलं म्हणून.
तो बसतो कान लावून.
शेवटचा हात सुटेपर्यंत
शेवट पोचतच नाही.

एकच ओळ घालायची होती: बंद कर.
ती कुठे घालायची, यात पहाट झाली.
विंडोजवर पलीकडून "मिळालं" यायच्या आत सोडलं
तर पुडीत काहीच उरत नाही.

आईच्या खुंट्यांवर एक करडा कोट होता,
एकतिसावा. न्यायला कुणी आलं नाही.
हंगाम संपला, व्यवस्थापक बदलले,
भिंतींना रंग लागला तेव्हा तिनं तो
चादरीत गुंडाळून ठेवला, मग पुन्हा टांगला.
टाकून दे म्हणाले सगळे. मीही म्हणालो,
तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

"कसा टाकू?" ती म्हणाली,
"बिल्ला अजून बाहेर आहे."