भुईगुलाब

सोहारच्या या घराला अंगण म्हणून जे आहे
ते हेरंबच्या टेपनं अकरा फूट बाय चार.
या टोकाला एसीचं खोकं धापा टाकतं,
त्या टोकाला सिलिंडरचा पिंजरा.
मधे चुनखडी, शिंपल्यांचा चुरा
आणि आधीच्या भाडेकरूंनी पुरलेल्या फुटक्या फरश्या.

पहिल्या वर्षी उभे गुलाब लावले होते.
मे महिन्यात वाळवंटाकडून वारा सुटला.
घरबी म्हणतात त्याला इथे.
नावात घरही आहे, बीही आहे,
ठेवत मात्र दोन्ही नाही.
तीन दिवसांनी दार उघडलं
तर काठ्या तेवढ्या उभ्या
आणि काठ्यांना माझ्या ओढणीच्या गाठी.

नर्सरीतल्या मोतालेबनं मग ही काळी पिशवी दिली.
हा झोपून वाढतो, म्हणाला, याला उठवू नका.
पाटीवरचं नाव उन्हानं खाऊन टाकलेलं.
मीच ठेवलं: भुईगुलाब.
भुईमूग, भुईचाफा, भुईरिंगणी
यांच्या पंगतीत सरकून बस म्हटलं.

बसतोय कसला, पसरला.
पिंजऱ्याखालून, फरशीच्या कडेनं,
रांगणाऱ्या पोराला जिकडे नको म्हणावं तिकडे.
वारा आता वरच्या वर निघून जातो
पानांवर पिठासारखी वाळू ठेवून.
फुलं पन्नास बैशांच्या नाण्याहून जराशी मोठी,
एकेका देठावर सात-आठ, दाटीवाटीनं.

पाण्याचं सांगायला हवं.
जून ते सप्टेंबर गच्चीवरची टाकी उकळते,
थंड नळाचा चटका बसतो.
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि रात्रभर त्यात निवलेलं पाणी पहाटे काढायचं.
त्यात एसीच्या नळीखालची बादली ओतायची,
हवेतून पिळून काढलेली. तिच्यात मीठ नसतं.
आम्ही दोघं आणि गुलाब, एकाच गिझरवर.
हेरंब म्हणतो, महिन्याच्या हिशेबात याचं नाव घालू का?
घाल म्हटलं.

शेजारच्या खाला शम्सांचं माहेर डोंगरावर,
जिथे एप्रिलात गुलाब खुडतात
आणि मातीच्या भट्टीत गुलाबपाणी काढतात.
त्यांनी एक फूल तोडून नाकाशी नेलं
आणि खोटं नाणं परत करावं तसं
माझ्या हातावर ठेवलं.
वास नाही, म्हणाल्या. गुलाब नाही.
त्यांची हिंदी लंगडी, माझी अरबी लंगडी,
भांडण फार लांब चालत गेलं नाही.

मग त्यांच्या पाठीचा मणका खचला.
आता त्या चालतात ते जमीन वाचत.
आभाळ नाही, खजुरीचे घड नाहीत, माझा चेहरा नाही.
चपला, नाली, मांजर
आणि आमच्या फाटकाखालून बाहेर आलेली एक फांदी.
तिच्यापाशी थांबतात.
परवा मोजून सांगितलं: चौदा.
वासाचं काही बोलल्या नाहीत.

दाब कलम मी शाळेत, बागकामाच्या तासाला शिकले होते.
फांदी तोडायची नाही.
पेऱ्याखालची साल थोडी खरवडायची,
वर माती, मातीवर दगड.
भिंतीच्या पायाशी पाणी जायचं भोक आहे,
त्यातून एक फांदी पलीकडे सारली
आणि खालांच्या बोडक्या वाफ्यात
केसांचे आकडे लावून दाबून आले.
दोन महिने झाले. त्यांच्या बाजूला पाणी त्या घालतात,
माझ्या बाजूला मी.

मूळ धरलं की मधे कापायचं असतं.
धरलंय का ते कळायला
जरासं ओढून बघायचं.

काल ओढलं.
येईना.
कात्री नेली होती बरोबर,
तशीच खिशात घालून परत आले.