एक गुण

प्रभादेवीला, चौदा-पंधरा.
अमरज्योत गेलं, पुन्हा एकाच गुणाने.
बोनसची रेषा यतीनने ओलांडली होती,
मागचा पाय हवेत होता, मी पाहिलं,
पण माझ्याकडे शिट्टी नाही.

दिगू असता तर पंचाच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या,
मग घसा बसला म्हणून दोन दिवस
मुकाट डाळभात.
आई म्हणायची, हे मंडळ हरलं
की घरात काय शांतता!

त्याची लाल खुर्ची मी अजून धरते,
रुमाल टाकून.
ताई, कोणी आहे का इथे?
येतोय, म्हणते.
तिसरा मोसम.

कबड्डीत बरं असतं. बाद झालेला
रेषेबाहेर बसतो, मांडी थोपटत,
आपल्यातल्या कुणी समोरचा एक टिपला
की उठून आत.

पोरं मॅट गुंडाळत होती.
यतीन लंगडत आला, गुडघ्याला बर्फाची पिशवी,
आणि न विचारता बसला
रुमालावरच.
कोपर सोललेलं त्याचं. मी काही बोलले नाही.

रविवारी वडाळ्याला आहे, म्हणाला.
माझा रुमाल, मी म्हटलं.
उठून पाहिलं त्याने. ओला झालाय हो.
मग रविवारी आण.