जास्तीचा निळा

टुर्नहाउटच्या पत्त्यांच्या कारखान्यात
लुटगार्ट हेलेमान्सनं एकतीस वर्षं
फक्त चुका शोधल्या.
बदाम राजाचा मुकुट केसभर डावीकडे सरकलेला,
किलवरच्या पाकळीवर माशीच्या पायाएवढा पांढरा ठिपका,
असलं पान तिच्या टेबलावरून पुढे जात नसे.
डोळ्यांत तेल घालून, म्हणतात ना,
तसं.

निवृत्त होताना कारखान्यानं घड्याळ देऊ केलं.
तिनं भंगारातली एक पेटी मागितली:
अठ्ठ्याहत्तर पानांचा जुना टॅरो,
नुसत्या काळ्या रेषा.
रंगांचे साचे कुठल्याशा युद्धात वितळवलेले,
मूळ रंग कुणालाच आठवत नव्हते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, तिच्या माळ्यावरचा भाडेकरू.
अंडी ठेवायच्या कपांत ती रंग कालवायची,
शेजारी चिकोरीची कॉफी,
आणि एकदा तरी ब्रश कॉफीतच बुडाला.
संन्याशाच्या झग्याचा तो रंग तिथून आला आहे,
जाणकार काहीही म्हणोत.

मूर्खाला तिनं लोकरी मोजे दिले, पिवळे.
"कड्यावरून जायचंच आहे त्याला, पाय तरी गरम राहू देत."
तेरावं पान, ज्याच्यावर नाव नसतं,
तिथल्या सापळ्याच्या पायाखालची माती
तिनं तीनदा खरवडली
आणि शेवटी हिरवी केली, पालकासारखी.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पण निळा.
निळा पुरेच ना.
"मळकट दिसतंय आकाश," ती म्हणायची, "घाल अजून."
मी नळी पिळायचो.
सम्राज्ञीच्या मागे, मनोऱ्यावरच्या विजेच्या मागे,
टांगलेल्या माणसाच्या उलट्या डोक्याखाली
थरावर थर.
मला दिसत होतं, आकाश असं नसतं,
आमच्या माळरानावर तर नाहीच;
तिथं अर्धं वर्ष भांडी विसळलेलं पाणी वर पसरलेलं असतं.
बोललो नाही. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

गेंटच्या एका छापखान्यानं चारशे जोड काढले.
लोक त्या निळ्यासाठी वेडे झाले.
कुणी त्यात ग्रहांचं गणित शोधलं, कुणी आत्म्याचं घर.
लीजच्या एका बाईनं लिहिलं:
मुलगा गेल्यापासून मी आज पहिल्यांदा मान वर केली.
लुटगार्टनं पत्र बुटांच्या खोक्यात ठेवलं
आणि बटाटे सोलायला बसली.

मग मोतीबिंदू.
आधी उजवा डोळा, सहा आठवड्यांनी डावा.
दुसरी पट्टी निघाली त्या संध्याकाळी
ती नुसती पेल्याकडे बघत राहिली.
"हा तपकिरी होता ना?"
मग पेटी काढली.
सगळी पानं टेबलावर मांडली, ओळीनं,
कारखान्यात मांडायची तशी.
खूप वेळानं म्हणाली,
"योरिस, हे माझ्या हातून पुढे गेलं?"
आणि मग,
"तुला दिसत होतं?"
मी हो म्हणालो.
तिचे डोळे करडे होते.
इतकी वर्षं त्या घरात राहून
मला ते त्या दिवशी कळलं.

दुसरी आवृत्ती तिनं दुरुस्त केली.
खरं आकाश, फिकं, चोख.
कुणी घेतली नाही.
कालव्याकाठच्या गोदामात जोड ओलीनं फुगून गेले,
आणि पहिलीचं एक सुटं पान
आज माझ्या तेव्हाच्या वर्षभराच्या भाड्याला जातं.

बुटांचं खोकं माझ्याकडे आलं.
लीजच्या पत्रामागे तिच्या पेन्सिलीत, आकडेवारीच्या सवयीनं:
निळा, चाळीस टक्के जास्त.
त्याखाली कारखान्याचा शिक्का,
जो तिनं परत करायला हवा होता:
पुढे पाठवा.
शिक्का उलटा पडला आहे.

उलटं पान कसं वाचायचं
ते तिनं मला कधी शिकवलं नाही.