चार हजारांच्या वर

ह्यांच्या कानांचा आलेख डॉक्टरांनी काढला तेव्हा
रेघ डावीकडून सरळ चालत आली
आणि चार हजारांशी पोचताच
विहिरीत उतरावी तशी खाली गेली.
मकरपुऱ्यात एकतीस वर्षं, पंचिंग प्रेसशेजारी.
कंपनीनं दिलेले बोळे खिशातच धुतले गेले.

आणि आता अलकापुरीतल्या ह्या थंडगार खोलीत,
जिथं चपला बाहेर काढाव्या लागतात,
मौलिक नावाचा मुलगा सांगतोय,
'काका, आ तो चाळीस हजार सुधी जाय.'
'किमतीत की सुरात?' मी विचारलं.
तो हसला.
जोडीचे पाच लाख वीस. तारांचे वेगळे.

ह्यांनी अक्रोडाच्या लाकडावरून बोट फिरवलं,
सांधा शोधत.
सांधा सापडला नाही तेव्हा म्हणाले,
'तू ऐक. मला कळायचं नाही.'

म्हणून मी आले.
अठ्ठावीस वर्षं कॅशला बसले,
नोट बोटांत वाजली की कळायचं, खरी की खोटी.
एवढीच माझी लायकी.

मौलिकनं मारवा लावला.
जुन्या कुणा बाई, नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.
आणि समोरची भिंत उठून बाहेर गेली.
तानपुऱ्याच्या तारेवरून बोट सुटलं ते ऐकलं.
बांगड्या ऐकल्या, दोनच.
तबल्यामागं कुणीतरी वहीचं पान उलटलं,
हळूच, चोरून, कुणाला कळणार नाही असं.
षड्जाच्या उंबऱ्यापाशी येऊन
बाई दर वेळी परत फिरायच्या,
फिरताना श्वास घ्यायच्या,
तो माझ्या मानेला लागला.

हे बसलेले, हात मांड्यांवर,
पासपोर्टचा फोटो काढून घेतात तसे.

मग मी मौलिकला खुणेनंच सांगितलं,
तो कोपऱ्यातला लाव. अडतीस हजारांचा.
ह्यांना न सांगता.

बाई त्याच. मारवा तोच.
बांगड्या गेल्या. वहीचं पान गेलं.
श्वास होता, पण सांगोवांगी.

मी बसल्या बसल्या हिशेब मांडला:
आमची खोली बारा बाय दहा, खाली रावपुऱ्याचा रस्ता,
रिक्षा, वराती, नवरात्रात नऊ रात्री गरबा.
लोखंडी कपाट आहे, ट्रक गेला की तेही गातं.
एवढ्या पैशांत बाथरूमची ओल जाईल,
दोन्ही कानांची यंत्रं येतील, चांगल्यातली,
तरी वर उरतील.
(एक यंत्र आहे. हे घालत नाहीत.
म्हणतात, त्यात नुसत्या ताटल्या वाजतात.)

'काही फरक नाही,' मी म्हटलं. 'दोन्ही सारखेच.'

हे माझ्याकडे बघत होते.
'पहिल्याला तू डोळे मिटलेस,
दुसऱ्याला किमतीची चिठ्ठी वाचत होतीस.
मी काय ऐकायला आलो होतो होय?'

मौलिकनं कार्ड दिलं. रविवारपर्यंत हाच भाव.
बाहेर ऊन चपलांत शिरून बसलं होतं.

सेव-उसळीच्या गाडीवर
बाकावर माझ्यासमोर बसले, ओठ दिसतील असे.
'आता सांग. वर काय काय होतं?'
मी सांगितलं.
'बांगड्या किती?'
'दोन.'
'काचेच्या?'
'असाव्यात.'
'पान कुणी उलटलं?'
आता हे मी कुठून सांगू?
तरी सांगितलं, शिष्या असेल एखादी, नवी,
बाईंना घाबरणारी.
हे मान हलवत राहिले,
माप बरोबर लागल्यासारखी.
रश्श्यावर सेव मऊ पडली.

कार्ड फ्रिजवर लावलंय, आंब्याच्या चुंबकाखाली.
आज शुक्रवार.
कुकरच्या शिट्टीला मी बोट वर करते,
एक.
दोन.
तिसऱ्याला हे उठून गॅस बंद करतात.