अकरावी मागणी

माझं अक्षर चांगलं होतं. एवढंच भांडवल.
म्हणून अमळनेरच्या गिरणीत मला
मागाऐवजी टेबल मिळालं
आणि टेबलावर दंडाची वही.

नाव, खातं, कारण, रक्कम.
हिलाल दगा, विणाई, उशीर सात मिनिटं, एक आणा.
धुडकू भिला, धुनाई, उलट बोलला, चार आणे.
सुपडाबाई, रिळाचं खातं, जागेवर नाही, दोन आणे.
जागेवर नाही म्हणजे कुठे,
असा रकाना वहीत नव्हता.

सुताच्या बोंद्र्यांआड बसायची ती,
पदराखाली लेकरू.
लेकरू कसलं, ओझंच. हलत नसे.
पहाटे राईएवढी अफू चाटवली
की सकाळच्या भोंग्यापासून
संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत निजून.
सगळ्याच जणी चाटवायच्या.
रिकाम्या पेट्यांत चौदा पोरं ओळीनं,
पापण्यांवर कापसाची तूस,
आणि यंत्रांच्या त्या खडखडाटात
एक साहेब पाहुणा म्हणाला,
किती शहाणी मुलं आहेत तुमच्याकडे.

चैत्रात बोरीच्या कोरड्या पात्रात सभा भरली.
वाळूवर गॅसबत्ती, बत्तीभोवती किडे,
धुळ्याच्या तुरुंगातून नुकतेच सुटलेले एक भाई,
आणि मागण्या लिहायला मी,
अक्षर चांगलं म्हणून.

पगार. पाळी. दंड बंद.
भराभर नऊ झाल्या.
मग निंबा बैसाणे उठला. म्हणाला,
आम्हाला विणाईत का घेत नाही?
धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागतं, म्हणूनच ना?
मालकानं नाही, तुम्हीच अडवलंय.
बराच वेळ नुसते खोकले ऐकू आले.
हिलालनं वाळूत रेघा ओढल्या, पुसल्या,
मान वर न करता म्हणाला, लिहा.
दहा.

भाई कागद मागणार,
तोच बायकांतून आवाज आला,
"आते आमनं बी लिख ना, भाऊ."
काय लिहू?
"पायना."
पाळणा!
हशा असा उठला की पलीकडची कुत्री भुंकली.
भाई समजुतीनं म्हणाले,
बाई, आपली लढाई मोठी आहे.

सुपडाबाई पुढे आली.
कमरेची चंची सोडली,
काळी गोळी काढून
माझ्या कागदावर ठेवली, बरोबर दहाव्या ओळीवर.
"मंग हाई चाटी ल्या तुम्ही.
लढाई सरेलोंग नीज लागी."

भाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
मी गोळी बाजूला सरकवली. तिचा डाग राहिला.
डागाखाली लिहिलं : अकरा.

संप एकेचाळीस दिवस चालला.
कळण्याची भाकरी होती तोवर भाकरी,
मग नुसतं कळण्याचं पाणी.
समेटाच्या कागदावर पहिल्या तीन मान्य,
दहावीसमोर रेघ,
अकरावीसमोर "विचाराधीन".
तेही मीच लिहिलं.
मला टेबल परत मिळालं. घेतलं मी.
दंड तेवढा अर्धा झाला होता.

पहिल्याच आठवड्यात
सुपडाबाई, जागेवर नाही, एक आणा.
टाक बुडवला आणि कारणाच्या रकान्यात
लिहिलं : दूध पाजणे.
मॅनेजर म्हणाले, असं कारण यादीत नाही.
पान फाडलं.
मी दुसऱ्या पानावर लिहिलं.
केसरबाई, दूध पाजणे. जनकोर, दूध पाजणे.
हे शौर्य नव्हे. कारण होतं ते.
दिवाळीत मुंबईहून हिशेबनीस आला,
पानं उलटता उलटता थांबला, म्हणाला,
या गिरणीची दूधडेअरीही आहे का?
या खेपेला कुणी हसलं नाही.

दोन वर्षांनी गुदामाशेजारच्या खोलीला
चुना मारला. सात पाळणे, चौदांसाठी.
निंबा तेव्हाही धुनाईतच होता.

खोली उघडली त्या दिवशी
सुपडाबाई दारात उभी राहिली,
एक रिकामा पाळणा तिनं हातानं हलवला,
थांबेपर्यंत पाहत राहिली.
तिचं लेकरू तोवर चालायला लागलं होतं, किंवा
नको.
तो रकाना वहीत नव्हता,
आणि मी तिला विचारलं नाही.