तीस मिनिटं

रुवीत, रात्रीचे दोन.
वरच्या खाटेवर सजीवन घोरतोय
आणि मी एडिटरमध्येच टपाल आणू पाहतोय.
प्लगिन चालतं. फक्त क्रम चुकतो.

ताईचा मेल: "बारशाला येतोस ना?"
नऊ दहा.
त्याच्या वर माझा: "जमत नाही गं."
आठ पन्नास.

तिनं विचारायच्या आधीच.

लॉग चाळत बसलो, सुलेमानी निवली.
मग दिसलं: तिकडच्या साडेपाचातले
पाचच उचलतो माझा कोड,
उरलेली तीस मिनिटं सांडतात
तिच्या दर मेलामागे.

एक ओळ बदलली.
प्रश्न वर गेला, उत्तर खाली.

पण खरं सांगू, सजीवन,
आधीचा क्रम
तितकासा चुकीचा नव्हता.

तो कूस बदलतो.
लोखंडी खाट करकरते.